वरातीच्या गाडीचे फोड

दुसऱ्यांदा फोड आले तेव्हा जतीनने आरडाओरडा केला नाही, यावरूनच घरातल्या सगळ्यांनी काय ते ओळखलं. पहिल्या वेळी तो दिवसभर ओरडत होता. प्रायमरच्या कंपनीवर, पावसाळ्यावर, धाकट्या भावाच्या, नवीनच्या, मोबाइलवर, जे समोर येईल त्यावर. या वेळी तलासरीहून टेम्पोत घालून परत आलेली गाडी त्याने गुपचूप शेडमध्ये उतरवून घेतली, बोनेटवरून एकदा तळहात फिरवला आणि "रविवारी सगळ्यांनी शेडवर या" एवढंच सांगून तो जेवायला गेला. जेवताना भात परत मागितला नाही. त्याच्या बायकोने, सुषमाने, तेही ध्यानात ठेवलं.

आज तो रविवार होता. सकाळचे दहाच वाजले होते, पण चिखल्याच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये सगळ्यांचे चेहरे संध्याकाळचे दिसत होते.

गाडी तशी झोकदार. खाली जुन्या जीपची चासी, वर फायबरचं अंग. लांब नाक, गोल दिवे, मागे नवरानवरीला बसायला उंच गादी. तलासरीच्या लक्ष्या मंडपवाल्याने ती वरातीसाठी हौसेने बनवून घेतली होती. जतीनचे वडील काळू तांडेल गेल्यापासून या शेडमध्ये साच्यातून निघालेलं हे पहिलंच अख्खं अंग. मधली दीड वर्षं शेड बंपर, टेम्पोच्या केबिनी आणि मासळीच्या बर्फाच्या पेट्या यांच्यावर कशीबशी चालली होती. होड्या आता इथे कोणी करायला टाकत नव्हतं. म्हणून या गाडीवर सगळ्यांचा जीव होता, आणि तिच्याच मोतिया रंगावर आता हरभऱ्याएवढे, दारांच्या खालच्या बाजूला तर बोराएवढे फोड आले होते.

"रिमूव्हर ओतू," जतीन म्हणाला. "अर्ध्या तासात सगळा रंग सोलून येईल. हातानं घासत बसलो तर लक्ष्याच्या सगळ्या वराती पायी निघतील."

कोणी हसलं नाही.

"फायबर आहे, भाई," सुनिल खाली बसूनच बोलला. "पत्रा असता तर मीच ओतला असता. रिमूव्हर फायबरची वरची सालच खातो. रंगाबरोबर अंगपण जाईल. पेपर मारूनच काढायला लागेल."

"दोन वेळा तुझंच ऐकलं ना?"

सुनिल बोटाने एक फोड दाबून बघू लागला. तो जतीनच्या बहिणीचा, संगिताचा नवरा. उधव्याहून एकोणिसाव्या वर्षी या शेडमध्ये कामाला आला, काळूच्या हाताखाली रंगाची गन धरायला शिकला, आणि पुढे संगितावर मन बसलं. लग्नाला कोणी फार आडवं आलं नाही. पण लग्नानंतर दोघं शेडमागच्या खोलीतच राहिली, आणि घरजावई हा शब्द दहा वर्षांत कोणी तोंडावर न काढताही सुनिलला रोज ऐकू येत होता.

नवीनने पॉलिश पेपरचे तुकडे फाडून सगळ्यांना वाटले. "भावोजी बरोबर बोलतात, दादा. मागे त्या टेम्पोच्या केबिनला आपण रिमूव्हर लावलेला, आठवतं ना? पापड झालेला तिचा."

"तू तुझं घास."

"घासतो ना. मी कुठं काय बोललो?" नवीन लगेच मागे सरला. त्याचं हे असंच होतं. सकाळी तो एकाच्या बाजूने असे आणि दुपारी दुसऱ्याच्या, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून असे.

सुषमा मागच्या दारापाशी बसून घासू लागली. तिला एक गोष्ट माहीत होती, ती इथे जतीनशिवाय कोणालाच नव्हती. सकाळी दात घासता घासता तो तिला म्हणाला होता, "ही गाडी एकदा निघाली की सुनिलला हात जोडायचे. वापीचा पेंटर बघून ठेवलाय." तिने तेव्हा "आणि संगिता?" असं विचारलं खरं, पण संगिताच्याही आधी तिच्या मनात मागची खोली आली होती. मुलगी शितल बारावीला होती आणि पोरीला अभ्यासाला धड जागा नव्हती. खोली रिकामी झाली तर बरंच होईल, असं तिला वाटून गेलं, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. आता समोर संगिता गुडघे मोडून बंपरखाली घासत होती. सुषमाला तिच्याकडे बघवेना.

"संगिता, तू वरचं घे. खालचं मी करते."

"राहू दे, वहिनी. कुठंही घासलं तरी खांदे तेच दुखतात."

*

फोड म्हणजे नुसता खरवडून भागत नाही. आधी टोचायचा, आतलं पाणी काढायचं, मग कड पातळ होईपर्यंत पेपर मारायचा. वरून बोट फिरवलं तर कुठे पायरी लागता कामा नये. सुनिलने दुसऱ्या रंगाच्या आधी ही गाडी अशी सहा दिवस घासली होती. त्याच्या उजव्या हाताच्या बोटांवरची कातडी अजून नीट आली नव्हती. त्याला या कामाचा कधी कंटाळा येत नसे, पण आज येत होता. गाडीचा नाही, माणसांचा येत होता.

जतीन कॉम्प्रेसरपाशी गेला तशी संगिता सरकत नवऱ्याजवळ आली.

"दादाला सांग ना, प्रायमरचा डबा सीलबंद होता म्हणून."

"सांगितलं."

"मग पाऊस लागला असेल."

"दसऱ्यानंतर रंग मारला, संगिता. थेंब नव्हता पावसाचा."

"मग झालं तरी काय? दोन वेळा? तुला कळत कसं नाय?" तिचा आवाज चढला आणि तिनेच तो खाली आणला. "मी सगळ्यांशी भांडते तुझ्यासाठी. आईशी भांडते, दादाशी भांडते. मला तरी खरं सांग."

सुनिलने इकडेतिकडे बघितलं. मग ब्लेडचं टोक एका मोठ्या फोडात घातलं. पाण्याचा थेंब बाहेर आला. तो त्याने बोटावर घेतला आणि तिच्यापुढे धरला.

"जिभेला लावून बघ. गिळू नको."

तिने लावलं आणि लगेच थुंकली. "खारट."

"पहिल्या वेळी मला वाटलं, माझाच घाम तोंडात गेला. ह्या वेळी मुद्दाम बघितलं. सगळ्या फोडांत तेच. रंगाखाली मीठ राहिलं की ते पाणी ओढत राहतं. रंगातून हवेची ओल थोडी थोडी आत जाते, मीठ ती सोडत नाय. मग फोड."

"पण मीठ येईल कुठून रंगाखाली?" असं ती म्हणाली, आणि म्हणता म्हणताच थांबली.

ही रीत तिला लहानपणापासून माहीत होती. नव्या होडीला पहिला रंग लागायच्या आधी घरातल्या मोठ्या बाईने दर्याचं पाणी आणायचं आणि होडीच्या नाळेला, म्हणजे पुढच्या टोकाला, हाताने लावायचं. काळूची आई लावायची, तिच्यानंतर संगिताची आई पुतळी लावू लागली. चार थेंबांचं काम. होडी पुढे जन्मभर त्याच पाण्यात राहणार, तिला त्याचं काय होणार?

"आई?" संगिता हळूच म्हणाली.

"दोन्ही वेळा रंगाच्या सकाळी दाराआड कळशी होती. तळाला रेती."

"पण चार थेंबांनी एवढे फोड?"

"चार थेंब नसणार."

संगिता हातातला पेपर एकाच जागी घासत राहिली. मग म्हणाली, "बोल मग. आत्ता बोल दादाला."

"मी? घरजावयानं सासूचं नाव घ्यायचं? ते पण बाबांच्या रितीचं? भाई बोलेल, स्वतःचं झाकायला म्हातारीवर घातलं."

"मग मी बोलते."

"तू बोललीस तर बोलतील, नवऱ्यानं शिकवून पाठवली."

ते खरंच होतं, आणि म्हणून संगिताला जास्त राग आला. "बरं, नको बोलू. ह्या वेळी मी आईला कळशी आणूच देत नाय. रंग टिकला की दादाचं तोंड आपोआप बंद."

"रंग टिकला तर भाई बोलेल, दोन वेळा चुकला, तिसऱ्यांदा शिकला." सुनिलने दुसरा फोड टोचला. "जाऊ दे. दमलोय मी. गाडी नीट होऊ दे, बास."

*

पुतळी किनाऱ्यावर पोचली तेव्हा भर ओहोटी होती आणि कळशी भरायला तिला नेहमीच्या दुप्पट चालावं लागलं. अडुसष्टाव्या वर्षी भरली कळशी घेऊन ओल्या रेतीतून चालणं म्हणजे चेष्टा नाही. पण गाडीला पुन्हा पहिल्यापासून रंग लागणार होता, आणि रीत ती रीत. रंग दोन दिवसांनी का लागेना, पाणी आपलं तयार असलेलं बरं. तिने कळशी शेडच्या दाराआड ठेवली आणि पदराने मान पुसली.

संगिता तिच्यापुढे येऊन उभी राहिली. "आई, ही कळशी घरी घेऊन जा."

"का गं?"

"ह्या वेळी नको."

"ह्या वेळी नको तर काय रंगानंतर लावू?"

संगिताची नजर सुनिलकडे गेली. पुतळीने चाळीस वर्षं डहाणूच्या बाजारात मासळी विकली होती. भाव करताना गिऱ्हाइकाची नजर कुठे जाते ते बघायची तिला सवयच होती. ती मुलीला बाजूला सारून जावयापाशी गेली आणि खाली बसली.

"काय रे? काय लपवताय दोघं?"

"काय नाय, आई."

सुनिलला खोटं बोलता येत नसे. तो मान खाली घालून दाराच्या कडेचा मोठा फोड टोचत होता. फोड फुटला आणि आतलं पाणी दारावरून ओघळलं. पुतळीने ते सहज बोटाने पुसलं आणि जिभेला लावलं. खारवलेल्या मासळीचं पाणी ती असंच बघायची, हात आपोआप गेला.

मग ती तशीच बसून राहिली.

तिला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. पावसाळ्यात मिठाच्या बरणीत पाणी सुटतं. खाऱ्या मासळीच्या टोपलीखाली ओल येते, कितीही वाळवा. मीठ पाणी ओढतं हे तिने शाळेत न जाता शिकलेलं होतं. फक्त ते या गाडीलाही लागू असेल, हे तिच्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

"म्हणजे मीच," ती म्हणाली.

सुनिलने मान वर केली नाही.

"होडीला नाळ असते, तिथं पाणी लावलं की झालं. ह्या गाडीचं डोकं कुठं हाय ते मला कळंना. पुढं लावू का मागं, का त्या चाकांना? म्हटलं, काय राहायला नको. फडका भिजवून सगळ्या अंगाला पुसला."

"आणि दुसऱ्या वेळी?" संगिताने विचारलं. तिच्या आवाजात राग होता, पण तो कुणावर काढावा हे तिला कळत नव्हतं.

पुतळीने फोडाचं पाणी लागलेलं बोट पदराला पुसलं. "दुसऱ्या वेळी दोन कळश्या आणल्या. जतीन ह्याला नाय नाय ते बोलत होता. मला वाटलं, माझ्याच हातनं पाणी कमी पडलं असेल. ह्याच्यावर आळ नको, असं दर्याला सांगून सगळं पुसलं."

सुनिलला हसू आलं. मग डोळेही भरून आले, ते त्याने बाहीने पुसले आणि बाहीवरची सगळी धूळ तोंडाला लागली.

"तुला कधी कळलं?" पुतळीने विचारलं.

"चार दिवस झाले."

"नि गप्प बसला?"

"काय बोलणार होतो, आई?"

पुतळीला या घरात येऊन पन्नास वर्षं होत आली होती. आपल्या हातून एवढं मोठं काही बिघडल्याचं तिला आठवत नव्हतं. आणि बिघडलं ते याच्या भल्यासाठी केलं म्हणून बिघडलं, हे तिला सगळ्यात जास्त लागलं. ती गाडीला धरून उठली आणि तिने हाक मारली, "जतीन! नवीन! इकडं या दोघं."

*

जतीनने सगळं ऐकून घेतलं. आईने जे सांगितलं ते इतकं सरळ होतं की त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं. तरी त्याने कळशीत बोट बुडवलं, चाखलं, मग एक फोड टोचून तेही चाखलं. दोन महिने तो ज्या माणसावर डाफरत होता तो समोर पेपर घेऊन बसला होता. जतीनला शरम वाटली. पण शरम वाटली की त्याला लगेच दुसरं काहीतरी सुचत असे, म्हणजे शरमेकडे बघायला नको.

"लक्ष्या येतोय," तो म्हणाला. "अर्ध्या तासात. गाडी बघायला."

"येऊ दे," पुतळी म्हणाली. "मी सांगते त्याला."

"काय सांगणार? तांडेलची म्हातारी गाडी दर्याच्या पाण्यानं पुसते? आई, बाबांच्या नावावर शेड चालते. ही गोष्ट तलासरीला पोचली तर उद्या माणसं आपल्यावर हसतील. बंपर पण कोण आणणार नाय."

"रील बनवतील," नवीन म्हणाला. "खरंच बनवतील, आई. दादाचं पण बरोबर आहे."

"मग काय सांगायचं?" संगिताने विचारलं.

जतीनने तिच्याकडे न बघता उत्तर दिलं. "पेंटरचा हात चुकला, असं सांगायचं. पेंटर सगळ्यांचेच चुकतात. त्यानं शेडचं नाव जात नाय."

सुषमा मागच्या दारापासून उठली. "भावोजींचं नाव कशाला? त्यांचा काय दोष यात?" हे आपण सगळ्यांसमोर बोललो याचं तिलाच नवल वाटलं.

"तू मधे पडू नको."

"मधे नाय पडत. विचारते."

"चालेल, भाई," सुनिल म्हणाला. "माझं नाव सांगा."

"सुनिल!" संगिता ओरडली.

"काय फरक पडतो? दोन महिने माझंच नाव आहे." तो उठला आणि पिंपातल्या गोड्या पाण्याने हात धुऊ लागला.

सगळ्यांनी पुतळीकडे बघितलं. तिने एकदा तोंड उघडलं आणि मिटलं. काळूने ही शेड उभी करायला काय काय केलं ते या पोरांना अर्धंही माहीत नव्हतं, पण तिला होतं. त्याचं नाव लोकांच्या तोंडी थट्टेला जावं, हे तिला सोसवणार नव्हतं. जावई आपलाच, तो समजून घेईल, असं तिने स्वतःला सांगितलं, आणि ती स्टुलावर बसली. संगिताने आईकडे पाठ केली.

*

लक्ष्या मोटारसायकलवरून आला. पन्नाशीचा, जाडजूड, बोलायला मोकळा माणूस. गाडीभोवती तो एक चक्कर मारून आला, सोललेल्या दारावरून हात फिरवला आणि उसासा सोडला.

"जतीनभाई, आता काय बोलू तुम्हाला? पहिल्या वेळी बोललो, होतं कधी कधी. दुसऱ्या वेळी गाडी उन्हात उभी केली आणि आठ दिवसांत अंगावर कांजिण्या. पोरं हसतात माझी."

"आमची चूक झाली, लक्ष्याभाऊ. म्हणजे आमच्या पेंटरची. प्रायमर नीट वाळायच्या आधी त्यानं रंग मारला."

"दोन्ही वेळा?"

"दोन्ही वेळा."

लक्ष्या सुनिलकडे वळला. "काय रे? तू तर जुना माणूस. काळूशेठ तुझ्या हाताची तारीफ करायचे. खरं काय?"

"हो," सुनिल म्हणाला. "चुकलं."

लक्ष्याला वाईट वाटलेलं दिसलं, पण तो धंदेवाला माणूस होता. "बघ, राग मानू नको. पण पहिली वरात उधव्याची आहे, तुझ्याच गावची. माणसं विचारतील, गाडीला उशीर का झाला. मी खोटं कशाला बोलू? सांगणार, तुमच्याच गावच्या पोरानं दोनदा बिघडवली." मग जतीनला म्हणाला, "आणि आता रंग ह्याच्या हातचा नको मला. दुसरा माणूस आणा. ह्याचा हात गाडीला लागणार असेल तर मी गाडी अशीच उचलून नेतो."

"नाय लागणार," जतीन म्हणाला. तो पटकन म्हणाला. ते उत्तर त्याच्याकडे सकाळपासून तयारच होतं.

सुनिलने हातातला पेपर बोनेटवर ठेवला, दोन पावलं मागे सरला, आणि आता हे हात कुठे ठेवायचे ते न कळल्यासारखा उभा राहिला. उधव्याला त्याची आई रूपी होती. पोरगा शेडमध्ये मोठा कारागीर आहे असं ती अंगणात येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुतळी एकदा तिच्या घरी जेवली होती, तेव्हा तिने हेच तीन वेळा ऐकलं होतं.

"लक्ष्या, थांब," पुतळी म्हणाली.

"आई," जतीन म्हणाला.

"तू गप." ती स्टुलावरून उठली. "प्रायमर नि बियमर काय नाय. त्याच्या हातनं काय चुकलं नाय. माझ्या हातनं चुकलं. ह्या गाडीला मी दर्याच्या पाण्यानं पुसली, रंगाच्या आधी. दोन्ही वेळा. आमच्यात नव्या होडीला पाणी लावतात. मला वाटलं, हिला पण लावावं. मीठ आत राहिलं नि त्याचे फोड आले. तुला हसायचं तर माझ्यावर हस. त्या पोराचं नाव उधव्यात घेतलंस तर मी तुझ्या मंडपात येऊन सगळ्यांपुढं खरं सांगेन."

लक्ष्याने कळशीकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, मग म्हातारीकडे. कोणी हसेल असं जतीनला वाटत होतं, पण लक्ष्या हसला नाही.

"म्हणजे हिला तुम्ही होडी मानली," तो म्हणाला. "माझी आई असती तर हळदकुंकू लावून थांबली असती." त्याने मान खाजवली. "बरं. आता उपाय काय?"

उत्तर सुनिलनेच दिलं. "सगळी फायबरपर्यंत घासायची. मग गोड्या पाण्यानं धुवायची, पाण्याची खारट चव जाईपर्यंत. आठ दिवस नुसती वाळवायची. मग प्रायमर, मग रंग. वरातीच्या आत होईल."

"मारणार कोण?"

"हाच," पुतळी म्हणाली.

"मग मार बाबा. पण आजी, गाडी जाईपर्यंत तुम्ही शेडवर फिरकू नका." आणि मोटारसायकलला किक मारता मारता तो सुनिलला म्हणाला, "मघाशी बोललो ते विसर."

मोटारसायकलचा आवाज नारळीतून दूर गेला तरी सगळे तसेच उभे होते. जतीनने पिंपावर जाऊन तोंड धुतलं. त्याला काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण इतक्या वर्षांत सवय नसल्यामुळे ते त्याच्या तोंडून भलतंच निघालं.

"चला, सुटलास. वापीवाल्याला नको म्हणून कळवतो."

"वापीवाला कोण?" संगिताने विचारलं.

सुषमाने मान खाली घातली. नवीन मोबाइल बघू लागला. संगिताने एकेकाचं तोंड बघितलं आणि तिला सगळं कळलं.

"नको म्हणू नका, भाई," सुनिल म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "येऊ दे त्याला. ही गाडी मी पुरी करतो. मग आम्ही उधव्याला जातो. रस्त्याला लागून आमची जागा आहे. मांडव घालून दोघं मिळून काम करू. टेम्पो तिथं पण आहेत."

"आता का?" पुतळी त्याच्यासमोर गेली. "आता तर मी सगळं सांगितलं. आता तुला कोण काय बोलणार? इतके दिवस राहिलास नि आता जातोस?"

"म्हणूनच, आई. काल गेलो असतो तर काम बिघडवून पळाला असं झालं असतं. माझ्याच गावात मला तोंड दाखवता आलं नसतं. तुम्ही बोललात, म्हणून आता मला जाता येईल." त्याने वाकून तिच्या पायांना हात लावला. "तुमचे उपकारच झाले."

पुतळीने संगिताकडे बघितलं. सुनिलने आजवर दोन-तीनदा उधव्याचा विषय काढला होता, आणि प्रत्येक वेळी संगितानेच तो मोडून काढला होता. आईला सोडून मी कुठे जाणार नाही, असं ती स्पष्ट सांगायची. पुतळी त्याच उत्तराची वाट बघत होती.

संगिता पेपर घेऊन पुन्हा दारापाशी बसली होती. "कधी निघायचं?" तिने नवऱ्याला विचारलं.

"रंग वाळला की."

पुतळी तिथेच उभी राहिली. आजवर तिने प्रत्येक होडीचा रंग लवकर वाळावा म्हणून देवाला हात जोडले होते. या गाडीचा रंग लवकर वाळू नये, असं तिला आज पहिल्यांदा वाटलं.